बीकॉमवाल्यांना हॉस्पिटलात काम मिळतं का?

"मॅडम, पोरीला हॉस्पिटलात काम करायचंय, पण सायन्स नाही. मग काय, आयाबाई व्हायचं का?" वडिलांनी बसता बसताच विचारलं. नोकरीचा सल्ला मागायला येणारं कुणी ना कुणी हा प्रश्न माझ्याकडे आणतंच. मुलगी बीकॉम, हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली येणारी. हातात एका खाजगी संस्थेचं पत्रक: एक वर्षाचा ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन डिप्लोमा, फी 60 हजार, 'नोकरीची 100 टक्के हमी'. पहिला हप्ता दुसऱ्याच दिवशी भरायचा होता.

मी मुलीला विचारलं, "हॉस्पिटलच का गं?"

"आजी ॲडमिट होती ना, तेव्हा कॅशलेस विम्याचं सगळं मीच बघितलं. मला ते जमलं."

ही गोष्ट नोकरीच्या कामाची आहे, हे घरात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

पेशंटवर प्रत्यक्ष उपचार होतात तिथे शिक्षणाला मान्यता आणि नावाला नोंदणी लागते. नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे, टेक्निशियनसाठी महाराष्ट्र परावैद्यक परिषद. पत्रकावर मान्यतेचा 'म'सुद्धा नव्हता. संस्थेला फोन लावायला सांगितलं, तर "ते नंतर बघू, आधी सीट बुक करा". हमी वगैरे शब्द दिसले की मी तरी सावध होते.

पण बिलिंग, रिसेप्शन, मेडिकल रेकॉर्ड, स्टोअर, परचेस, टीपीए डेस्क इथे बीकॉम, बीए चालतं. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणारी कंपनी, आणि टीपीए डेस्क म्हणजे विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यामधलं टेबल. ॲडमिशनच्या वेळी प्रीऑथ, म्हणजे खर्चाच्या आगाऊ मंजुरीचा अर्ज पाठवायचा, कंपनीनं काढलेल्या क्वेरीला, म्हणजे शंकेला, उत्तर द्यायचं, डिस्चार्जला अंतिम मंजुरी आणायची. विमा नियामक आयआरडीएआयनं 2024 मध्ये प्रीऑथसाठी 1 तास आणि डिस्चार्जच्या मंजुरीसाठी 3 तासांची मुदत घातली आहे. कागद अर्धवट गेले की क्वेरी येते, आणि नातेवाईक मात्र टेबलापाशी ताटकळतात. मोतीबिंदूच्या फाइलमध्ये डोळ्यात बसवलेल्या लेन्सचं स्टिकर लावायचं राहिलं, एवढ्यावरूनही क्लेम अडतो. मग ओटीच्या सिस्टरांकडे जाऊन, त्यांची बोलणी खाऊन, ते आणायचं. ज्याला हिशेब कळतो आणि चिडलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं, तो इथे टिकतो.

वडिलांना पगार ऐकून धक्काच बसला. छोट्या हॉस्पिटलात सुरुवात कमीच असते, ते लपवण्यात अर्थ नाही. पण दोन-तीन वर्षं क्लेम हाताळलेल्या माणसाला मोठी हॉस्पिटलं, टीपीए कंपन्या आणि विमा कंपन्याही विचारतात.

मध्यम आकाराच्या हॉस्पिटलांच्या जागा बऱ्याचदा जाहिरातीत येतच नाहीत. तिला बायोडेटा एका पानाचा करायला लावला, त्यात टॅली आणि आजीच्या क्लेमचा अनुभव वर. मग गावातल्या हॉस्पिटलांत थेट ॲडमिन ऑफिसात जायचं, तेही दुपारी. सकाळी राउंड आणि डिस्चार्जच्या गडबडीत कुणी मान वर करत नाही. काही ठिकाणी वॉचमननंच परत पाठवलं. एका ठिकाणी बिलिंगला जागा होती, टीपीएला नव्हती. ती घे म्हटलं, टेबलं शेजारीशेजारीच असतात.

घेण्याआधी तिनं चार गोष्टी विचारल्या: नाइट किती, परतायची सोय काय, पीएफ कधीपासून, आणि नेमणुकीचं पत्र मिळणार का. पत्र मिळालं. नाइटबद्दल वडिलांची कुरकुर अजून चालू आहे.