रत्नागिरीत भर बाजारातल्या स्वस्त पण स्टायलिश हॉटेलात उतरावं, की सासूबाईंच्या बहिणीकडे?

हॉटेलात उतरा.

तुम्हाला तीन दिवस रत्नागिरी बघायची आहे, सोबत सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. एसटी स्टँड ते मारुती मंदिर या पट्ट्यातली, फोटोत झकास दिसणारी दीड-दोन हजारांची हॉटेलं तुम्ही हेरून ठेवली आहेत. आणि सासूबाई म्हणतात, माझी मावसबहीण तिथेच राहते, लॉजवर पैसे कशाला घालवायचे? ते शेवटचं वाक्य वाचलं आणि ताटावरून उठून लिहायला बसलो.

मी रत्नागिरीचाच. टिळक आळीपासून चार पावलांवर आमचं घर. जांभ्याच्या भिंती, कौलं, मागे विहीर, पडवीत आंब्याच्या अढीचा वास. नोकरीपायी मी डोंबिवलीला, थोरला भाऊ घरात. २०२५ च्या मे महिन्यात चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला गेलो तेव्हा मी आणि बायको तीन रात्री हॉटेलात राहिलो. स्वतःच्या गावात. आमच्याकडे हा विषय अजून मिटलेला नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी, भर पंगतीत दादा म्हणाला होता, ‘हे काय, आंबे पिकले की उगवतात.’ हसत म्हणाला, सगळे हसले, मीही हसलो. घरपट्टीचे आणि दुरुस्तीचे अर्धे पैसे मी न चुकता पाठवतो. पण पैसे पाठवणं वेगळं आणि पावसाच्या तोंडावर शिडी लावून कौलं चाळणं वेगळं, हे त्याचं म्हणणं, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. म्हणून यावेळी ठरवलं, कोणाचे आंबे नकोत आणि कोणाची पडवी नको.

तर ते हॉटेल. रिसेप्शनच्या मागे जांभ्याची भिंत. म्हणजे जांभ्यासारखी, पाऊण इंचाच्या चकत्या चिकटवलेली. तिच्यावर एका कौलारू घराचा हा एवढा मोठा फोटो, अंगणात तुळशीवृंदावन, ओटीवर झोपाळा. काउंटरवरच्या पोराने आधार कार्ड बघितलं, पत्ता डोंबिवलीचा. ‘काका, पहिल्यांदाच का रत्नागिरीला?’ मी ‘हो’ म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. त्याने बिचाऱ्याने थिबा पॅलेसला कसं जायचं ते नकाशा काढून समजावलं. बायको लिफ्टमध्ये शिरेपर्यंत हसू दाबून होती.

खोली अशी की बॅग उघडली की माणसांनी पलंगावर चढून बसायचं. कपाट नाही, भिंतीला एक दांडी आणि चार हँगर. दिवे पिवळे, लोंबते, फोटोत फार देखणे. त्या उजेडात बायकोला पैठणीच्या निऱ्या नीट दिसेनात, मी मोबाइलचा टॉर्च धरून उभा. खिडकी होती, पण ती डक्टमध्ये उघडायची आणि समोर शेजारच्या खानावळीचा एक्झॉस्ट. दुपारभर सुरमई तळल्याचा वास यायचा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाथरूमची भिंत काचेची. पुसट काच, पण काचच. आम्ही हॉटेलची जादा चादर मागून तिचा पडदा केला. सासूबाई बरोबर आहेत तर ही गोष्ट फोन करून आधी विचारा, फोटोत ती बाजू दाखवत नाहीत. खोलीच्या चावीचं कार्ड भिंतीवरच्या खाचेतून काढलं की एसी आणि चार्जिंग दोन्ही बंद. माझ्या लोकलच्या पासाचं स्मार्टकार्ड त्या खाचेत चाललं, तुम्हीही एखादं जुनं कार्ड घालून बघा.

पण गादी चांगली होती. गिझर तापायचा. आणि रात्री दार लावलं की ‘अजून नोकरीच का, घर कधी मोठं घेणार’ हे विचारायला आत कोणी नव्हतं. आणखी काय हवं असतं माणसाला दीड-दोन हजारांत?

गर्दीच्या भागाची लोक उगाच धास्ती घेतात. आवाज आहे, नाही कसा. पहाटेपासून एसटीचे हॉर्न, रात्री अकरापर्यंत मोटारसायकली. मागच्या बाजूची खोली मागा, निम्मा आवाज तिथेच संपतो. बदल्यात रामआळीचा बाजार हाताशी, मांडवीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी रमतगमत जाता येतं, पूल ओलांडला की भाट्ये किनारा. रेल्वे स्टेशन मात्र गावापासून सहा-सात किलोमीटर लांब आहे, तिथून रिक्षात बसण्याआधी पैसे ठरवा. गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या समुद्राकाठच्या रस्त्याने जा, पंचवीसेक किलोमीटर, एक दिवस त्यातच जातो. मुलगी लहान आहे, आरे-वारेला गाडी थांबवाच, पण पाण्यात उतरवू नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा स्कूटरवरून आला. पुढ्यात हापूसची पेटी. खाली त्या भिंतीपाशी उभा राहिला, बोटाच्या पेराने दोनदा ठोकून बघितली आणि म्हणाला, ‘चिकटवलाय.’ वर खोलीत बसायला खुर्ची नव्हती, पलंगाच्या कडेवर टेकला. भाडं किती? अठराशे. किती रात्री? तीन. टॅक्स? बारा टक्के. मनातल्या मनात हिशेब करून म्हणाला, ‘सहा हजार अठ्ठेचाळीस. एवढ्यात मागच्या पडवीची कौलं झाली असती.’ मी म्हटलं, ‘आणि त्या पडवीत निजायला मलाच लावलं असतंस.’

मग मी थिबा राजा काढला. ब्रह्मदेशाच्या त्या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणलं आणि राजवाडा मिळाला १९१० मध्ये, तोवर चोवीस वर्षं तो बंगल्यांतच. १९१६ मध्ये तर वारलाच. म्हटलं, रत्नागिरीत राजेसुद्धा परक्या छपराखाली राहिलेत, मी तीन रात्री राहिलो तर काय बिघडलं? दादा म्हणाला, ‘तो कैदी होता रे. तुला कोणी कैदेत टाकलंय?’ यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. जाताना त्याला बाथरूमला जायचं होतं, पण ती काच आणि चादर बघून तसाच मागे फिरला. ‘घरी जाऊनच जाईन.’

पेटी आम्ही आणली. आंबे उत्तम होते.

म्हणून सांगतो, सासूबाईंच्या बहिणीकडे एक वेळ जेवायला जा, आठवणीने काहीतरी घेऊन जा, मुलीला त्यांच्या पाया पडायला लावा आणि रात्री हॉटेलात परत या. तीन दिवस तिसऱ्याच्या घरात राहिलं की नाती टिकतात हे सांगणाऱ्याला पाच माणसांची आंघोळ एका न्हाणीघरात उरकायची नसते. माझी बायको म्हणते मी टोकाचं बोलतो, सगळ्यांचा भाऊ दादासारखा नसतो. असेल. मावसबहीण प्रेमळ असेल, घर मोठं असेल आणि त्यांनी आपणहून दोनदा बोलावलं असेल, तर माझं ऐकू नका.

राहिलेल्या गोष्टी. मे महिन्यात आणि गणपतीत हे दर चढलेले असतात. पावसाळ्यात डक्टकडे खिडकी असलेल्या खोल्यांना ओल्या कपड्यांसारखा वास मारतो, पैसे देण्याआधी आत जाऊन नाकाने तपासा. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताज्या सुरमईच्या आशेने येणार असाल तर तारखा बदला. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बाराऐवजी पाच टक्के झालाय, बिलात जुनाच आकडा दिसला तर विचारा. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर लिफ्ट आहे एवढंच विचारू नका, वीज गेल्यावर चालते का तेही विचारा.

आणि त्या मावसबहिणींना निघण्याआधीच फोन करून सांगा की आम्ही हॉटेलात उतरतोय. मी दादाला सांगितलं नव्हतं. त्याला ते लग्नाच्या मांडवात कळलं, दुसऱ्याच कोणाकडून.