सायकली चार, चालवणारा एक

प्रश्न : माझ्याकडे चार सायकली आहेत. वडिलांची २२ इंची फ्रेमची काळी सायकल, सव्वीस इंची चाकांची जाड टायरची एमटीबी (माउंटन बाइक), रोज कंपनीत जाण्यासाठी गिअरची हायब्रिड (एमटीबी आणि रोडबाइक यांच्या मधली) आणि दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीसाठी) घेतलेली अरुंद टायरची रोडबाइक. घर दोन खोल्यांचे आहे. एकच सायकल ठेवावी, असे पत्नीचे म्हणणे आहे. मला मात्र प्रत्येकीचे काम वेगळे वाटते. एकीवर सगळे भागेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : प्रत्येकीचे काम वेगळे आहे, हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु एका सायकलीचे काम दुसरी करू शकते का, हा प्रश्न दोन्ही दिशांनी विचारून पाहावा, कारण दोन्ही वेळा उत्तर सारखे येत नाही. जुन्या पद्धतीचे रिम-ब्रेक असलेल्या बहुतेक रोडबाइकच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यात, २५ किंवा फार तर २८ मिलिमीटर रुंदीचा टायर मावतो. त्यावर पूर्ण मडगार्ड बसवायला जागा उरत नाही आणि कॅरिअर अडकवण्यासाठी भोकेही बहुधा नसतात. पावसाळ्यात डबा आणि रेनकोट घेऊन कंपनीत जाण्यासाठी ती कितीही खटपट केली तरी सोयीची होणार नाही. हायब्रिडला मात्र ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर सहज बसतो, आणि रिम फार रुंद नसेल, तर त्याच ७००-सी (रोडबाइकच्याच मापाच्या) चाकावर २८ किंवा ३२ चा गुळगुळीत टायर चढवून लांबचा पल्लाही गाठता येतो.

दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला १३ तास ३० मिनिटे मिळतात. थांबे धरून हा वेग ताशी पंधरा किलोमीटरच्याही किंचित खाली पडतो आणि सायकल अमुकच जातीची हवी, अशी अट नाही. चढाचे म्हणाल, तर पुढे २८ दात्यांची चकती आणि मागे ३२ दात्यांचे गिअर असलेल्या हायब्रिडवर पायडलच्या एका फेऱ्यात चाक पूर्ण एक फेराही घेत नाही. रोडबाइकच्या ३४ आणि २८ च्या जोडीवर ते सव्वा फेऱ्याच्या आसपास फिरते. यवतेश्वरचा घाट चढताना दमलेल्या पायांना हा फरक नक्कीच कळतो.

आता खर्चाचा मुद्दा. चार सायकली असल्या की झीज वाटली जाते, असे पुष्कळांना वाटते. चेन किलोमीटरांनी झिजते, त्यामुळे आपण एकूण जितके चालवाल तितकीच ती झिजणार, मग सायकल एक असो वा चार. रबराचे तसे नाही. टायर, ट्यूब आणि ब्रेकची रबरे वर्षांनी म्हातारी होतात. हवा उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने उभ्या असलेल्या सायकलीच्या टायरला कडेने भेगा पडतात, आणि साताऱ्याच्या पावसाळी हवेत तेल न दिलेली चेन न चालवताही गंजते. न वापरलेल्या सायकलीचा खर्च थांबत नाही, तो फक्त उशिरा आणि एकदम समोर येतो. म्हणून, कोणत्याही सकाळी हवा भरून लगेच बाहेर काढता येतील अशा स्थितीत जितक्या सायकली ठेवणे आपल्याला जमेल, तितक्याच ठेवाव्यात. नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्या माणसाला चार जमणे अवघड आहे.

तरीही एकच ठेवा, असे मी म्हणणार नाही. कंपनीत रोज सायकलीने जाणाऱ्याची एकुलती एक सायकल दोन दिवस दुकानात अडकली, की जाण्या-येण्याची पंचाईत होते. म्हणून रोजच्या हायब्रिडच्या जोडीला दुसरी सायकल हवी, आणि ती वडिलांचीच असावी, असे मला मनापासून वाटते. त्यांच्या आठवणीचे मोल आहेच, पण ती सायकल कामाचीही आहे. चेनवर झाकण, भक्कम कॅरिअर, दोन पायांचा स्टँड, केबलऐवजी लोखंडी दांड्यांचे ब्रेक, आणि २८ गुणिले दीड इंचाचे टायर, जे आजही आपल्याकडे सहज मिळतात. बाजारहाट आणि दळण यांसाठी उरलेल्या तिघींपैकी एकही तिच्या तोडीची नाही. दांड्यांचे ब्रेक पावसात नीट लागत नाहीत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. तिचे एकदा ओव्हरऑइलिंग करून घ्यावे, चाकांचा आऊट काढावा आणि आठवड्यातून एकदा तरी ती वापरावी. भिंतीला टेकवून ठेवायची असेल, तर ती ठेवण्याचे कारण उरत नाही.

एमटीबी देऊन टाकावी. कासच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर आपण नेहमी जात असाल तरच वेगळा विचार करावा. पत्रात तसा उल्लेख नाही. मात्र देताना घेणाऱ्याची उंची पाहावी, कारण मापात न बसणारी सायकल त्याच्याही घरी नुसती उभी राहील.

रोडबाइक विकण्याची मात्र घाई करू नये. हायब्रिडच्या सरळ हँडलवर हात ठेवण्याची जागा एकच असते आणि पाच-सहा तासांनंतर अनेकांची बोटे बधिर होतात, हा तिचा खरा दोष आहे. हँडलच्या टोकांना शिंगे बसवली, तर पकड बदलता येते. अरुंद टायर आणि ही शिंगे लावून एक लांबची फेरी करून पाहावी. हात तक्रार करत नसतील, तर रोडबाइक विकावी. करत असतील आणि ब्रेव्हे पुढेही करायच्या असतील, तर ती ठेवावी आणि तीन सायकलींना जागा कशी करायची, हे पत्नीशी बोलून ठरवावे.