बर्फ पडणाऱ्या ठिकाणी राहण्याचे तोटे कोणते?

देवगडहून अमेरिकेतल्या मिनेसोटात बिऱ्हाड हलवताना तिथल्या बर्फाचा काय त्रास होतो आणि आईला सोबत न्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी गुहागरचा, तिथल्याच मिनियापोलिस शहरात सहा हिवाळे काढून गावी परतलो आहे.

जानेवारीत तिथे रात्रीचे तापमान सरासरी उणे १३ अंशांच्या आसपास उतरते, परंतु घरे उबदार असतात आणि कपडे नीट असले की बाहेरही निभावते. खरा त्रास बर्फ साचून राहतो याचा आहे. आपल्याकडे कितीही पाऊस कोसळला तरी पाणी पऱ्ह्याला मिळून समुद्राकडे जाते. तिथे मात्र पडलेला बर्फ फावड्याने स्वतः उचलावा लागतो, आणि स्वतंत्र घर असेल तर समोरचा पदपथ बर्फ थांबल्यापासून २४ तासांत मोकळा करणे बंधनकारक असते. ओला बर्फ फार जड असतो. हृदयविकार असलेल्याने या कामाला हातही लावू नये.

त्याहून वाईट म्हणजे दुपारी वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठते आणि त्याचा पातळ, पारदर्शक थर रस्त्याच्याच रंगाचा दिसतो. जांभ्याच्या पायरीवरचे शेवाळ निदान डोळ्यांना दिसते, हा थर पाय घसरल्यावरच कळतो. मीठ टाकतात, पण उणे ९ अंशांच्या खाली त्याचा फारसा उपयोग होत नाही.

माझी आई अशाच थरावर पडली आणि तिचे मनगट मोडले. हाड सहा आठवड्यांत जुळले, भीती मात्र गेली नाही. मार्च संपेपर्यंत तिने उंबरठा ओलांडला नाही. जिचा सारा दिवस ओटीवर, आगरात आणि शेजारणींशी बोलण्यात जायचा, ती खिडकीशी बसून राहिली, आणि डिसेंबरात तर साडेचारलाच सूर्य मावळायचा. आपल्याकडचा सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. तिथला पावणेनऊ तासांचा. तिचे ते गप्प होत जाणे मला फार उशिरा लक्षात आले, आणि त्याची खंत आजही आहे.

म्हणून तुम्ही जरूर जा, परंतु आईंना पहिल्याच हिवाळ्यात नेऊ नका. मे महिन्यात न्या, आणि गणपतीला त्या घरी हव्या असतील तर ऑगस्टच्या सुरुवातीचे परतीचे तिकीट काढा.