दुसरं मशीन, मिस्टरांची अवजारं आणि बहिणीची सही

वाचक भगिनीचा प्रश्न: मी घरी शिलाईकाम करते आणि सूक्ष्म कर्ज देणाऱ्या एका संस्थेच्या गटात आहे. पहिलं छोटं कर्ज एकही हप्ता न चुकवता फेडलं. आता संस्था त्याच्या तिप्पट कर्ज द्यायला तयार आहे. त्यातल्या ६० टक्के रकमेत दुसरं मशीन येईल. उरलेल्यातून मिस्टरांना दुरुस्तीच्या कामासाठी अवजारं घ्यावीत असं घरात ठरतंय. संस्थेचे अधिकारी म्हणतात, धाकट्या बहिणीलाही गटात आणा, तिलाही कर्ज मिळेल, तीही काहीतरी सुरू करेल. तिला सध्या काहीच उत्पन्न नाही. आमच्या पाचजणींपैकी दोघींचे हप्ते हल्ली मागेपुढे होतात. गरिबीतून बाहेर पडायची ही संधी आहे, असं सगळे म्हणतात. कर्ज घेऊ का?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सोबत जोडलेला वहीतला हिशेबही वाचला. इतका नीटनेटका हिशेब मला फार कमी जणांकडून मिळतो, आणि त्यामुळेच नेमकं उत्तर देता येतंय. तुमच्या विनंतीप्रमाणे रकमा इथे छापत नाही. संस्थेनं देऊ केलेलं कर्ज १०० धरते आणि बाकी सगळं त्याच मापात सांगते.

उत्तर आधी सांगते. कर्ज घ्या, पण ६० घ्या. आणि बहिणीची सही सध्या कुठल्याही कर्जाच्या कागदावर होऊ देऊ नका.

आता व्याजाकडे बघू, कारण ‘१२ टक्केच आहे’ असं तुम्ही लिहिलंय. ते १२ टक्के सपाट दरानं आहेत. म्हणजे वर्षभर पूर्ण १०० तुमच्याकडे आहेत असं धरून १२ व्याज लावलं, ११२ ची बेरीज केली आणि तिचे ५२ आठवड्यांचे हप्ते पाडले. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यापासून तुम्ही मुद्दल परत करत असता. सहा महिन्यांनी तुमच्याकडे जेमतेम निम्मं मुद्दल उरलेलं असतं, व्याज मात्र पूर्ण रकमेवर भरणं चालूच. घटत्या शिलकेवर, म्हणजे दर वेळी फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच, मोजलं तर हाच दर वर्षाला सुमारे २२.७ टक्के होतो. त्यात संस्था सुरुवातीलाच २ टक्के फी कापून घेते, म्हणजे हातात ९८ येतात आणि हप्ते १०० च्या हिशेबानं जातात. ती फी धरली की दर जवळपास २७ टक्क्यांवर जातो. कर्जासोबत विम्याचा हप्ताही कापणार असतील तर आणखी वर. सावकारापेक्षा हे स्वस्तच आहे, ते मी नाकारत नाही. घरोघर जाऊन दर आठवड्याला छोट्या रकमा गोळा करणं खर्चाचं काम असतं, त्यामुळे अशा कर्जाचा दर मोठ्या बँकेइतका खाली येणं अवघड आहे. पण ज्या कामात पैसा घालाल, त्यातून वर्षाला २७ टक्क्यांच्या वर काहीतरी सुटलं पाहिजे, हे डोक्यात ठेवूनच निर्णय घ्या.

तुमच्या वहीप्रमाणे घरखर्च भागून महिन्याला ७ शिल्लक राहतात. मंदीच्या तीन महिन्यांत ३. म्हणजे वर्षाची शिल्लक ७२. १०० चं कर्ज घेतलंत तर वर्षात ११२ फेडायचे. ४० कमी पडतात. बाजूला टाकलेले १५ सगळे संपवले तरी २५ ची तूट उरते, आणि ती नव्या मशीननं आणि नव्या अवजारांनी पहिल्याच वर्षात भरून काढायची. काढतीलही. पण एखाद्या महिन्यात आजारपण आलं किंवा दोन मोठी गिऱ्हाइकं उधारीवर गेली, तर दर आठवड्याचा हप्ता थांबत नाही.

६० घेतलेत तर वर्षात ६७.२ फेडायचे, महिन्याला ५.६. चांगल्या महिन्यांत हप्ता जाऊन १.४ उरतात. मंदीच्या तीन महिन्यांत दरमहा २.६ कमी पडतात, म्हणजे एकूण ७.८. तुमच्याकडे १५ आहेत. त्यातले ८ फक्त मंदीच्या हप्त्यांसाठी वेगळे ठेवा, सुरुवातीची फीही उरलेल्यातून जाईल. याचा अर्थ असा की नवं मशीन वर्षभर एक पैसाही न कमावता पडून राहिलं तरी तुमचा हप्ता चुकत नाही. माझ्या दृष्टीनं इतक्या छोट्या घरासाठी कर्ज सुरक्षित आहे की नाही याची खरी कसोटी हीच आहे. हप्ता आजच्या कमाईतून निघाला पाहिजे. उद्याची कमाई वाढली तर ती तुमची.

‘गरिबीतून बाहेर पडायची संधी’ या शब्दांवर मात्र मला थांबायचंय, कारण तुमच्यावरचा दबाव तिथूनच येतोय.

सूक्ष्म कर्जाची गोष्ट सांगताना सगळे बांगलादेशातल्या जोब्रा गावापासून सुरुवात करतात. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये तिथल्या ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले, त्यातून पुढे १९८३ मध्ये गरिबांना छोटी कर्जं देणारी ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये युनूस आणि बँक दोघांना शांततेचं नोबेल मिळालं. या गोष्टीतला एक तपशील बहुतेक वेळा निसटतो. तिथे बांबूची स्टुलं विणणाऱ्या बायका ती आधीपासूनच विणत होत्या. हातात कसब होतं, माल खपतही होता. फक्त बांबू घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्या व्यापाऱ्याकडून उचल घेत आणि तो म्हणेल त्या भावाला माल त्यालाच देत. छोट्याशा कर्जानं तो फास सुटला. धंदा कर्जातून जन्माला आला नव्हता.

पुढे ही कल्पना जगभर पसरली तेव्हा हा फरक पुसला गेला आणि कर्ज दिलं की माणूस उद्योजक होतो अशी समजूत झाली. मग अर्थतज्ज्ञांनी ती तपासायला घेतली. हैदराबादमध्ये १०४ वस्त्या निवडून त्यांतल्या ५२ मध्ये आधी सूक्ष्म कर्जाची शाखा उघडली आणि दोन्हींकडच्या कुटुंबांची तुलना केली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, ज्यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते या अभ्यासात होते. बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथेही असे अभ्यास झाले आणि २०१५ मध्ये सहाही एकत्र प्रसिद्ध झाले. कुठेही सरासरी कुटुंब कर्जामुळे गरिबीतून बाहेर आलेलं दिसलं नाही. घरं उद्ध्वस्तही झाली नव्हती. काहींना व्यवसायात थोडी जास्त गुंतवणूक करता आली, काहींनी टिकाऊ वस्तू घेतल्या, पण एकूण उत्पन्न आणि राहणीमान फारसं हललं नाही.

हैदराबादच्याच कुटुंबांकडे काही वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा सरासरीच्या आत दडलेलं चित्र दिसलं. सूक्ष्म कर्ज येण्याच्या आधीपासून ज्यांचा स्वतःचा धंदा होता, त्यांचे धंदे कर्जामुळे खरोखर वाढले होते आणि तो फायदा टिकला होता. ज्यांनी कर्ज मिळतंय म्हणून धंदा काढला, त्यांच्या बाबतीत तसं घडलं नाही.

ताई, तुम्ही पहिल्या गटात बसता. सहा वर्षं काम करताय, गिऱ्हाईक बांधलेलं आहे आणि वेळेत देता येत नाही म्हणून कामं परत पाठवता. तुमचं मशीन एक आहे आणि कामं दोन मशीनची आहेत. म्हणून मी तुम्हाला ‘घ्या’ म्हणतेय. तुमची बहीण दुसऱ्या गटात बसते. तिच्या हातात आज ना काम, ना गिऱ्हाईक, ना अडीअडचणीला ठेवलेली शिल्लक. ‘काहीतरी सुरू करेल’ या वाक्यातलं ‘काहीतरी’ काय, हे पत्रात कुठेच नाही, आणि पुढच्याच आठवड्यापासून तिचा हप्ता मात्र सुरू होणार. तो कोण भरणार? तुम्हीच, आणि तुमच्या हिशेबात त्याला जागा नाही.

अगदी हलाखीतल्या माणसाला काय उपयोगी पडतं, याचाही अभ्यास झालाय आणि तो मला फार मोलाचा वाटतो. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेनं २००२ मध्ये असा कार्यक्रम सुरू केला, कारण सर्वांत गरीब बायका कर्जगटांपर्यंत पोहोचतच नव्हत्या, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यात कमाईचं साधन, बहुतेकदा जनावर, फुकट द्यायचं. ते हाताळायचं शिक्षण द्यायचं, सुरुवातीचे काही महिने पोटापुरता भत्ता द्यायचा, बचतीची सवय लावायची आणि साधारण दोन वर्षं कुणीतरी नियमित घरी येऊन विचारपूस करायची. याच धर्तीवर सहा देशांतल्या दहा हजारांहून अधिक कुटुंबांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावरही त्यांचं उत्पन्न आणि खाणंपिणं आधीपेक्षा सुधारलेलं टिकून होतं. सुरुवात भेट दिलेल्या साधनानं आणि सोबतीनं झाली होती, हप्त्यानं नव्हे.

ही भेट तुम्ही तुमच्या ताकदीप्रमाणे देऊ शकता. दुसरं मशीन आलं की त्यावर बसणार कोण, हा प्रश्न पत्रात सुटलेला नाही. दोन मशीनवर तुम्ही एकट्या बसू शकत नाही. बहिणीला बसवा. माप आणि कटिंग तुमच्याकडे, सरळ शिलाई आणि काज-बटण तिच्याकडे, मजुरी नगावर, रोजची रोज वहीत लिहून. सुरुवातीला कपडे उसवावे लागतील, वेळ जाईल, तुमची चिडचिड होईल. ते धरूनच मी वर नव्या मशीनची कमाई शून्य धरली आहे. तिचा हात बसला आणि तिची स्वतःची गिऱ्हाइकं झाली, की तिच्या कर्जाचा विचार तेव्हा करू.

मिस्टरांच्या अवजारांबद्दल जपून लिहिते, कारण तो तुमच्या घरातला विषय आहे. श्रीलंकेत छोट्या व्यावसायिकांना थोडं भांडवल देऊन पाहिलं, तेव्हा पुरुषांचा नफा वाढला, बायकांचा सरासरी वाढला नाही. बायकांना धंदा जमत नाही असा अर्थ लावायला लोक मोकळे झाले. नंतर श्रीलंका, घाना आणि भारतातली आकडेवारी पुन्हा तपासली गेली तेव्हा कारण सापडलं: घरात दुसरा धंदा असेल तर बाईच्या नावावर आलेला पैसा नवऱ्याच्या धंद्यात जात होता. जिथे घरात तिचा एकटीचाच धंदा होता, तिथे तिचा परतावा पुरुषांइतकाच होता. नवऱ्याच्या धंद्यात गेलेला पैसा वाया जात नव्हता, तिथे तो कमावतच होता. तुमच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. सही तुमची, दर आठवड्याला गटापुढे उत्तर तुम्ही द्यायचं आणि पैसा ज्या कामात जाणार, त्या कामाचा एकही आकडा तुमच्या पत्रात नाही. मिस्टरांना सांगा, तीन महिने तुमच्यासारखी वही लिहा. कुठलं अवजार नसल्यामुळे किती कामं हातची गेली, ते लिहा. मग एक अवजार शिलकीतून घ्या, किंवा त्यांनी स्वतःच्या नावावर वेगळं कर्ज काढावं. हे वाक्य घरात बोलायला जड जाईल, मला माहीत आहे. ‘हिशेब बघून देणाऱ्या ताईंनी असं सांगितलंय’ म्हणा, आणि हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

गटाचं काय? एकीचा हप्ता राहिला तर बाकीच्यांनी भरायचा, ही अट तुमच्या करारात आहे का ते आधी वाचा. असेल तर मागेपुढे होणाऱ्या दोघींचं ओझं तुमच्या ७.८ च्या हिशेबात मावत नाही. संस्थेला वैयक्तिक जबाबदारीवर कर्ज मागा. तुमची परतफेड चोख आहे आणि ही मागणी अवाजवी नाही. फिलिपिन्समध्ये एका बँकेनं चालू गटांमधली सामूहिक हमी काढून टाकून पाहिली, तेव्हा थकबाकी वाढली नाही. त्या दोघींशी मात्र बोला. एका संस्थेचा हप्ता भरायला दुसरीकडून उचल, ही सवय लागली असेल तर आत्ताच कळलेलं बरं. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात जे घडलं त्याचं मूळ यातच होतं: एकाच घरावर तीन-चार संस्थांची कर्जं, वसुलीचा जाच, आत्महत्या आणि शेवटी सरकारनं अध्यादेश काढल्यावर राज्यभर ठप्प झालेली परतफेड. ही वाट सुरू व्हायला एक छोटासा जादा हप्ता पुरतो.

संस्थेकडे आणखी एक गोष्ट मागून बघा: पहिला हप्ता दोन महिन्यांनी सुरू करायची सवलत. कोलकात्यात काही कर्जदारांना दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांची मुभा दिली, तर त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि सुमारे तीन वर्षांनी त्यांचा नफा ४० टक्क्यांच्या आसपास जास्त होता. थकबाकीही वाढली होती, म्हणून संस्था सहज हो म्हणणार नाहीत. नाही म्हणाले तर मंदीचे महिने संपल्यावरच कर्ज उचला.

मंजूर रकमेपेक्षा कमी घेताय म्हणून अधिकारी कदाचित नाराज होतील. किती कर्ज वाटलं आणि किती वसूल झालं, यावर त्यांचं काम मोजलं जातं. त्यांचा राग मनावर घेऊ नका आणि ‘पुढच्या वेळी मिळणार नाही’ असं म्हणाले तरी घाईनं सही करू नका.

सही करण्याआधी चार आठवडे एक काम करा. वेळ नाही म्हणून जे जे काम परत पाठवाल, ते तारीख आणि मजुरीसकट वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. चार आठवड्यांची बेरीज ५.६ च्या, म्हणजे महिन्याच्या हप्त्याच्या, वर गेली तर मशीन घ्या, आणि वापरलेलं चांगल्या स्थितीतलं मिळत असेल तर तेच आधी बघा. बेरीज ३ च्या खाली राहिली तर सध्या थांबा. मधे कुठे आली तर मला पुन्हा लिहा, वहीच्या त्या पानासकट.