शेतकरी घराण्याच्या जुन्या कागदांतून काय कळतं?

पणजोबांच्या काळचं मोडीतलं दप्तर सापडलं असेल, तर आधी वाटणीपत्र शोधा. मृत्युपत्र बहुधा मिळणार नाही. एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित हिश्शाचं मृत्युपत्र करण्याची मुभा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने दिली, त्याआधी भावाभावांत वाटणीच व्हायची.

वाटणीपत्रात जमिनीपेक्षा बाकीची यादी वाचा. आमच्याकडच्या कागदात थोरल्याला एक बैल, धाकट्याला दुसरा. म्हणजे नांगरायला दोघांनी एकत्र यायचंच, भांडण असो वा नसो! विहीर फोडता येत नाही, म्हणून मोटेच्या पाण्याच्या पाळ्या ठरवल्यात. तांब्याचं घंगाळ, कणगी, पाटा-वरवंटा, सगळं मोजलेलं. आईच्या वाट्याला मात्र फक्त वर्षाचं धान्य आणि लुगडी. तिचं नावही नाही, नुसतं 'मातोश्री'.

दुसरं म्हणजे कर्जरोखे. पुणे जिल्ह्यातले कागद असतील तर हे फार बोलके असतात. 12 मे 1875 ला सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखेच जाळले. नंतर कर्जबाजारी शेतकऱ्यांना सावकारांपासून संरक्षण देणारा 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. गहाणखतावर त्याच्या आधीची तारीख आहे की नंतरची, एवढं बघा.

मोडी येत नसेल तर भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. आणि कृपा करून कागदांना सेलोटेप लावू नका.