दोन पिना टेकवून शीट रेझिस्टन्स का मिळत नाही आणि तो कसा मोजायचा

प्रश्न थोडक्यात असा: पीईटी प्लास्टिकच्या फिल्मवर आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइडचा) पारदर्शक वाहक लेप आहे. उत्पादकाने 100 ओहम प्रति चौरस लिहिलंय. मल्टिमीटरच्या पिना 1 सेंमी अंतरावर टेकवल्या तर साधारण 150 ओहम येतात, 5 सेंमीवर 200, आणि पिना जोरात दाबल्या की आकडा खाली येतो. मग खरं काय, आणि चौरस म्हणजे चौरस सेंटिमीटर की चौरस इंच?

दोन्ही नाही. एक चौरस तुकडा घेऊन समोरासमोरच्या दोन कडांना पूर्ण लांबीभर धातूची पट्टी लावली, तर त्या दोन पट्ट्यांमधला रोध म्हणजे शीट रेझिस्टन्स. तुकडा दुप्पट मोठा केला तर करंटची वाट दुप्पट लांब होते, पण रुंदही दुप्पट होते. रोध तोच राहतो. म्हणून एककात सेंमी की इंच हा प्रश्नच उरत नाही.

आता तुमचे आकडे. पिनेच्या टोकाखालून करंट चारी दिशांना पसरतो आणि सगळ्यात जास्त गर्दी टोकाच्या अगदी जवळ होते. त्यामुळे मोठ्या फिल्मवर दोन पिनांमधला रोध अंतराच्या प्रमाणात वाढत नाही, अंतराच्या लॉगॅरिदमने वाढतो. अंतर पाचपट केलं की वाढ शीट रेझिस्टन्सच्या जेमतेम 0.51 पट. तुमचा फरक 50 ओहमचा, म्हणजे हिशेबाने 98 ओहम प्रति चौरस! पण जुळलं म्हणून हुरळून जाऊ नका. दाबल्यावर आकडा बदलतो, म्हणजे त्यात स्पर्शाचा रोध मिसळलाय, आणि तो दोन्ही वेळा सारखाच होता याची खात्री नाही.

उपाय एकच: करंट द्यायच्या पिना वेगळ्या, व्होल्टेज मोजायच्या वेगळ्या. व्होल्टमीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे त्याच्या पिनांचा स्पर्शरोध 5 ओहम असो की 500, वाचन हलत नाही.

घरी करायचं तर 2.54 मिमी अंतराच्या छिद्रांच्या पट्टीवर चार स्प्रिंगवाल्या पोगो पिना एका ओळीत सोल्डर करा. डोकं गोलसर असलेल्या घ्या. टोकदार पिना लेपाला ओरखडे पाडतात. 9 व्होल्टची बॅटरी, 8.2 किलोओहमचा रेझिस्टर आणि करंट मोजणारा मीटर एकामागोमाग जोडून बाहेरच्या दोन पिनांना द्या. साधारण 1 मिलिअँपिअर वाहील. आतल्या दोन पिनांवर मिलिव्होल्ट मोजा. शीट रेझिस्टन्स = 4.532 × व्होल्टेज ÷ करंट. तुमच्या फिल्मवर बरोबर 1 मिलिअँपिअरला 22 मिलिव्होल्टच्या आसपास दिसायला हवेत.

हा 4.532 म्हणजे पाय (π) भागिले ln 2 (2 चा नैसर्गिक लॉगॅरिदम), आणि तो अमर्याद मोठ्या शीटसाठी आहे. बहुतेकांची चूक इथेच होते. गोल तुकड्याच्या मध्यावर मोजताना तुकड्याचा व्यास पिनांमधल्या अंतराच्या 40 पट असेल तर गुणक 4.51, 20 पट असेल तर 4.44, आणि 10 पटच असेल तर 4.17. म्हणजे 25 मिमीच्या चकतीवर 4.532 वापरलं तर उत्तर सुमारे 9 टक्के जास्त येतं. कडेजवळ जाल तसं आणखी बिघडतं. पिनांची ओळ बरोबर कडेवर ठेवली तर आकडा थेट दुप्पट. 10 सेंमीचा तुकडा घेऊन मध्यावर मोजलंत की ही कटकट उरत नाही.

तुकडा वेडावाकडा असेल तर व्हॅन डर पाऊ यांची 1958 मधली पद्धत वापरा: चारही स्पर्श अगदी कडेवर, शक्य तितके लहान, आणि मध्ये भोक नको. पिनांची भानगड नको असेल तर 10 मिमी रुंद पट्टी कापा, दोन्ही टोकांना पूर्ण रुंदीभर चांदीचा पेंट लावून करंट द्या आणि मधल्या 50 मिमीवर व्होल्टेज मोजा. ते पाच चौरस झाले, आलेल्या रोधाला पाचाने भागा. कापताना रुंदी अर्धा मिमी चुकली तर उत्तर 5 टक्के चुकतं, आणि आयटीओची फिल्म कापताना वाकली तर लेपाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. मग आकडा भलताच वर जातो आणि दोष मोजणीला दिला जातो.

आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी करंट उलटा करून पाहा, नंतर निम्मा करून पाहा. व्होल्टेजही तसंच वागायला हवं. पिनांची ओळ 90 अंशांत फिरवून पुन्हा मोजा. विणलेल्या वाहक कापडात ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेने वेगळे आकडे येणं स्वाभाविक आहे. तांब्याच्या फॉइलवर तर करंट उलटवणं टाळताच येत नाही. 35 मायक्रॉनच्या फॉइलचा शीट रेझिस्टन्स सुमारे अर्धा मिलिओहम, म्हणजे 100 मिलिअँपिअरला जेमतेम 11 मायक्रोव्होल्ट. बोटाच्या उबेने दोन धातूंच्या सांध्यांवर तयार होणारं व्होल्टेजही तेवढं असू शकतं. दोन्ही दिशांच्या वाचनांच्या फरकाचं निम्मं घ्या, ते आपोआप वजा होतं.

अँटिस्टॅटिक (स्थिर वीज साचू न देणारी) शीट असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. 10 लाख ओहमच्या पुढे साध्या मीटरचा स्वतःचा 10 मेगाओहमचा रोधच आड येतो. तिथे मेगाओहममीटर (फार मोठा रोध मोजणारा मीटर) आणि मधोमध चकती व भोवती कडं असलेला इलेक्ट्रोड लागतो. 30.5 मिमीची चकती आणि आतून 57 मिमी व्यासाचं कडं असेल तर वाचनाला 10 ने गुणा. शीटखाली चांगला निरोधक हवा, टेबलाचा धातू नको. 100 व्होल्ट लावून 60 सेकंदांनी वाचन घ्या आणि शेजारी हवेतली आर्द्रता लिहा. ओलावा धरणाऱ्या शीटचा आकडा दमट आणि कोरड्या हवेत दहापटींनीही बदलतो. आणि मोजायच्या जागेला बोट लावू नका, घामातलं मीठ तुमच्या शीटपेक्षा चांगलं वाहक असतं.