‘फक्त खर्रा’ आणि टमी टक

प्रश्न : तीस किलो वजन उतरवलं, आता पोटाची कातडी लोंबते. टमी टक करायचंय. सिगारेट ओढत नाही, फक्त खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), दिवसाला दोन पुड्या. डॉक्टरांना सांगावंच लागेल का? (सक्करदरा)

उत्तर : ‘फक्त खर्रा’ हे नागपुरात मी रोज ऐकतो. अहो, तंबाखू ओढा की चघळा, निकोटिन रक्तात जातंच आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. टमी टकमध्ये पोटाची कातडी बरीच वरपर्यंत सुटी करून खाली ओढतात. तिच्या कडेला रक्त आधीच बेताचं पोचतं. त्यात निकोटिन असलं की कड काळी पडते, टाके उसवतात, पुढे कित्येक आठवडे ड्रेसिंग. म्हणून किमान 4 आठवडे आधीपासून आणि 4 आठवडे नंतर पूर्ण बंद. निकोटिनचं च्युइंगगमही नको.

दुसरी गोष्ट खर्ऱ्यातल्या सुपारीची. तिनं गालाची आतली बाजू ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं. आत्ताच आरशासमोर तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर भुलीच्या डॉक्टरांना श्वासाची नळी घालणं कठीण जाणार. आधी कळलं तर ते दुर्बिणीची तयारी ठेवतात. भूल दिल्यावर कळलं तर जिवाशी गाठ.

प्रश्न : सकाळी लायपोसक्शन करून संध्याकाळच्या गाडीनं परत येता येईल? (गोंदिया)

उत्तर : नको. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, हा यातला मोठा धोका. तासन्‌तास बसून प्रवास केला की तो वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. एका वेळी 5 लिटरपेक्षा जास्त चरबी काढायची असेल तर रात्रभर देखरेख हवीच. घरी गेल्यावरही एकच पोटरी सुजली, धाप लागली, तर फोनवर विचारत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.

प्रश्न : खरा प्लास्टिक सर्जन कसा ओळखायचा? (धंतोली)

उत्तर : प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. (आता डॉ.एन.बी.) पदवी बघा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत नाव तपासा. भिंतीवरच्या चकचकीत सर्टिफिकेटांवर जाऊ नका.

प्रश्न : पार्लरमध्ये नाकाला फिलर (आकार देण्यासाठी टोचायचं जेल) स्वस्तात करून देतात. करू का? (वर्धा)

उत्तर : नाक आणि दोन भुवयांमधली जागा सगळ्यात धोक्याची. फिलर धमनीत गेलं तर कातडी पांढरी पडते, मरते. क्वचित दृष्टीही जाते. हायल्युरॉनिक अॅसिडचं फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन असतं. ते हाताशी आहे का, एवढंच विचारा. समोरची बाई गोंधळली तर पर्स उचला आणि निघा.